तेल अविवला दिसलेली काळी जागा

विमानतळ

"ही माणसं आता कुठे आहेत?" तिने विचारलं.

तेल अविवच्या विमानतळावर सुरक्षेच्या टेबलामागे उभी असलेली ती मुलगी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिच्या हातात माझी प्लॅस्टिकची बरणी होती आणि ती तिने दिव्यासमोर धरली होती. बरणीत दात होते. माणसांचे, मुळांसकट, औषधी पाण्यात बुडवलेले.

"कुठली माणसं?" मी विचारलं.

"ज्यांचे हे दात आहेत ती."

"नाशिकला," मी म्हणाले. "आपापल्या घरी."

हे उत्तर माझं मलाच विचित्र वाटलं. ती हसली नाही. बरणी घेऊन आत गेली आणि मला एका खुर्चीवर बसवून ठेवलं. विवेक, माझा नवरा, निघेपर्यंत म्हणत होता की दात बघायला त्या देशात कशाला जायला हवं, दात काय नाशिकात नाहीत? टीव्हीवर बाँबने उडवलेल्या बसच्या सांगाड्यांची चित्रं आम्ही दोघांनी कितीतरी वेळा पाहिली होती. ते दिवस आता ओसरलेत असं सगळे सांगत होते, पण ओसरणं म्हणजे संपणं नव्हे, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी दातांची डॉक्टर आहे आणि फक्त रूट कॅनॉलचं काम करते. दात आतून किडला, मेला, की त्याच्या मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरायच्या, एवढंच माझं काम. अडचण अशी की या नळ्या केसाएवढ्या असतात आणि एक्स-रे सपाट असतो. एका मुळाची सावली दुसऱ्यावर पडते, गालाच्या हाडाची सावली दोन्हींवर पडते, आणि डॉक्टर त्या सावल्यांतून अंदाज बांधत बसतो. नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि एका नव्या यंत्राबद्दल आम्ही नुसतं ऐकत होतो. ते म्हणे डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि तुमचा जबडा जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उभा करतं. मग तो हवा तिथे, हवा तसा, पावाच्या लादीसारखा कापून बघायचा. तेल अविवच्या एका डॉक्टरीणबाई बाहेरच्या डॉक्टरांना ते शिकवायच्या. मी अर्ज केला आणि त्यांनी बोलावलं. येताना सरावासाठी दात आणा, असं त्यांनीच कळवलं होतं.

बऱ्याच वेळाने एक वयस्कर अधिकारी बरणी घेऊन बाहेर आला. त्याने ती एकदा हलवून बघितली आणि माझ्या हातात दिली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "दात आमच्याकडेही मिळतात."

मी हसले आणि बरणी पिशवीत घातली.

तेल अविव

समुद्राजवळच्या एका जुन्या इमारतीत मला खोली मिळाली होती. सकाळी खिडकी उघडली की खारा वारा आत यायचा आणि क्षणभर वाटायचं, आपण रत्नागिरीला आत्याकडे आलोय. पण खाली रस्त्यावर उतरलं की प्रत्येक दाराशी एक माणूस बसलेला. किराणा घ्यायला जा, कॉफी प्यायला जा, तो आधी तुमची पिशवी उघडून आत हात घालणार. पहिले दोन दिवस मला अपमान वाटला. नंतर एका दुकानाच्या दाराशी कोणी बसलेलं नव्हतं, तर मी आतच गेले नाही.

बसमध्ये सैनिक मुलं-मुली बसलेली असत, मांडीवर बंदूक आडवी ठेवून, कानात गाणी लावून. एकदा एका झोपलेल्या मुलीच्या बंदुकीची नळी माझ्या गुडघ्याला टेकली. ती उठेपर्यंत मी गुडघा हलवला नाही. माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं, पुढच्या थांब्यावरून चालत परत आले.

खायचं म्हणाल तर सकाळी-सकाळी काकडी-टोमॅटो. आपण कोशिंबीर जेवणात तोंडी लावतो, तिथे ती न्याहारी असते. बारीक चिरलेली, वरून लिंबू आणि तेल, सोबत आंबटसर पांढरं चीज आणि पाव. मला आवडली. फक्त डाव्या बाजूने चावताना वरच्या एका दाढेत काहीतरी जड वाटायचं. दुखत नव्हतं. ती दाढ मी कॉलेजात असतानाच रूट कॅनॉल करून घेतलेली होती, वर कॅप होती. काम चांगल्या हातचं होतं. त्यामुळे मी ते मनावर घेत नव्हते.

आमच्या बाईंचं नाव रूत. पन्नाशीच्या, बुटक्या, आखूड केसांच्या, पायात चपला घालून दवाखाना चालवणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं रूत म्हणत, साफसफाई करणारी बाईसुद्धा. मला ते जमेना. मी 'डॉक्टर रूत' म्हणायचे आणि त्या दर वेळी मान वर करून बघायच्या, जणू त्या नावाची दुसरीच कोणी आली आहे. कौतुक त्यांना माहीत नव्हतं. काम बरोबर असलं तर त्या काही बोलत नसत. चुकलं तर दोन शब्द.

यंत्र तळघरात होतं, शिशाच्या जाड दरवाजामागे. पहिले काही दिवस आम्ही माझ्या बरणीतल्या दातांवर सराव केला. मेणात दात रोवायचे, यंत्राखाली ठेवायचे आणि मग पडद्यावर बघत बसायचं. मी हरखून गेले होते. वर्षानुवर्षं अंधारात चाचपडलेल्या नळ्या समोर उघड्या दिसत होत्या. कुठली वळते, कुठली मध्येच दोन होते, सगळं.

एका दुपारी जेवताना मी कांदा चावला आणि माझा चेहरा किंचित वाकडा झाला. रूत समोरच बसल्या होत्या.

"कुठला दात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे मला उठवलं, खुर्चीत बसवलं आणि आरशाच्या दांड्याने एकेक दात वाजवला. त्या दाढेवर मी दचकले. साधा एक्स-रे काढला. स्वच्छ होता. नळ्या छान भरलेल्या, वर गालाच्या हाडाची धुरकट सावली.

"सुंदर," रूत म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "आता खाली चल. विनाकारण मी कोणाला यंत्रात बसवत नाही. आता कारण आहे."

खुर्चीत बसल्यावर हनुवटी एका कपात टेकवायची, दातांत एक काडी धरायची, मग कपाळावर पट्टा आवळतात. हलायचं नाही, गिळायचं नाही. दरवाजा बंद झाला. मग तो हात माझ्या डोक्याभोवती फिरायला लागला, सावकाश, मिक्सर लांब कुठेतरी चालावा तसा घोंगावत. किती लोकांना आपण सांगितलं असेल, काही होत नाही, बसून राहा. काही होत नाही हे खरंच होतं. तरी हात घट्ट मुठी वळून बसले होते.

पडद्यासमोर आम्ही पाच-सहाजण उभे होतो. कोणी ग्रीसचा, कोणी रुमानियाचा, सगळे डॉक्टर. रूत माउसचं चाक फिरवत होत्या आणि माझं डोकं थराथराने पुढे सरकत होतं. नाक आलं, गालाचं हाड आलं, दातांची रांग आली. स्वतःची कवटी बघताना हसू येतं, तसं मला आलं. कोणीतरी काहीतरी विनोदही केला.

मग ती दाढ आली. पुढच्या मुळात एक पांढरा ठिपका, म्हणजे भरलेली नळी. आणि त्याच्या शेजारी, त्याच मुळात, एक काळा ठिपका. दुसरी नळी. कधी कोणी न उघडलेली. माझं रूट कॅनॉल झालं त्या काळात ती दिसणं शक्यच नव्हतं.

"बघा," रूत म्हणाल्या आणि चाक आणखी फिरवलं.

मुळाच्या टोकाशी काळी जागा सुरू झाली. आधी वाटाण्याएवढी. पुढच्या थरात मोठी. त्याच्या पुढच्यात सुपारीएवढी. वरच्या दाढांच्या वर गालात एक पोकळी असते आणि तिचा तळ म्हणजे हाडाची एक पातळ पांढरी रेघ, अंड्याच्या टरफलासारखी. काळी जागा त्या रेघेपर्यंत गेली. मग रेघ तुटली. पुढच्या थरातही तुटलेली. त्याच्या पुढच्यातही.

चाक थांबलं. रूत इतरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कॉफी घेऊन या."

त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं तेव्हा मला खरी भीती वाटली. पडद्याने वाटली नव्हती एवढी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुठे आहे ते कळतंय. केवढं आहे ते कळतंय. काय आहे ते यंत्र सांगत नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"बहुतेक साधं असतं."

"बहुतेक?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तुझ्या पेशंटला काय सांगतेस?"

मी हेच सांगते. बहुतेक साधं असतं. दातांच्या डॉक्टरला या जागेत काय काय होऊ शकतं त्याची नावं पाठ असतात. परीक्षेसाठी केलेली ती पानं, त्यावरची चेहऱ्यांची चित्रं, डोळ्याखाली सुजलेली ती माणसं, सगळं एकामागून एक समोर यायला लागलं. साध्या गोष्टीने हाड असं तुटतं, हे मला माहीत होतं. साध्या नसलेल्या गोष्टीनेही तुटतं.

"कापून काढू, तपासायला पाठवू," रूत म्हणाल्या. "मुळाचं टोकही बंद करू. पण आता सुट्ट्या आहेत, मग शनिवारचा शब्बात. त्यानंतर. तोपर्यंत इथे बसू नकोस. तू त्या पडद्यासमोर बसून राहशील, मला माहीत आहे. कोणी आहे का तुझं या देशात?"

परतताना बसमध्ये मी रुमालाचं टोक डोळ्याखाली फिरवत होते. आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन्हीकडे सारखं जाणवतंय ना? तिथे बधिरपणा आला तर ते वाईट लक्षण. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. समोरच्या सैनिक मुलीने कानातलं गाणं काढलं आणि हिब्रूत काहीतरी विचारलं. बहुधा, बरं आहे ना. मी मान हलवली.

ओफाकिम

माझं म्हणावं असं एकच माणूस तिथे होतं, फ्लोरामावशी. ती आणि माझी आई ठाण्याला एकाच इस्पितळात नर्स होत्या. मी शाळेत असताना मावशी घरदार आवरून इस्राएलला गेली. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, मूळची अलिबागकडची. आई गेल्यावरही दर दिवाळीला तिचं कार्ड यायचं.

मावशी राहायची त्या ओफाकिमला जायला दक्षिणेकडे बेर शेवापर्यंत एक बस, तिथून दुसरी. बेर शेवाच्या बसस्थानकात मी पाण्याची बाटली घेत होते, तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या आणि पोलीस सगळ्यांना बाहेर हाकलायला लागले. लोक निमूट बाहेर गेले, जसे आपल्याकडे लोक लाइट गेल्यावर गॅलरीत येतात. कोणीतरी बाकाखाली पिशवी विसरलं होतं. दोरी बांधली, रस्ता अडवला. एक आजोबा शेजारी उभे राहून सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होते. मी मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हात आपोआप डाव्या गालावर गेला. मग एक धडाका झाला, फार मोठा नाही. पिशवी त्यांनीच उडवून दिली होती. काळ्या डांबरावर मुलांचे कपडे पसरले होते. आजोबांनी हात झटकले आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढचा रस्ता सपाट, पिवळा. निलगिरीची झाडं, आणि मग एकसारख्या चौकोनी इमारती. थांब्यावर मावशी उभी होती, फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल.

"काय गो बाय, किती वाळलीस! तिकडे खायला देत नाय काय ते लोक?"

मला रडूच आलं. तिला वाटलं आईच्या आठवणीने.

मावशीचं मराठी ती निघाली त्या वर्षीच थांबलं होतं. परदेशी फोन म्हणजे तिच्यासाठी अजून ट्रंककॉल, मोटरसायकल म्हणजे फटफटी. मधूनच हिब्रू यायचं. दवाखाना, सरकार, सैन्य हे सगळं हिब्रूत, आणि मासे, भांडी, राग हे सगळं मराठीत. तिची मुलगी याएल तिथल्याच शाळेत शिकवायची. आई मराठीत विचारणार, ती हिब्रूत उत्तर देणार, आणि दोघींचं बिनसायचं मात्र नाही.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मावशीने मेणबत्त्या लावल्या. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत एका पेल्यात ओतून प्रार्थना झाली, मग सगळ्यांनी त्याच पेल्यातला घोट घेतला. जेवायला नारळाच्या दुधातला मासा होता. ओला नारळ तिथे मिळत नाही, सुक्याचा कीस भिजवून दूध काढावं लागतं, असं मावशी सांगत होती. चव मात्र थेट अलिबागची. मी हळूहळू जेवत होते. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"डावीकडनं चावत नायस तू."

"सवय आहे."

"नर्स हाय मी. तेहतीस वर्षं माणसांची तोंडं बघितली. बोल."

मग मी सांगितलं. या देशात तिलाच पहिल्यांदा. काळी जागा, तुटलेली रेघ, सगळं. याएलने हातातला चमचा खाली ठेवला. मावशी उठून माझ्या मागे आली. तिने माझा गाल चाचपला, ओठ वर करून हिरडीवर अंगठा फिरवला, मानेतल्या गाठी बघितल्या, सगळं जुन्या सवयीने.

"गाठ लागत नाय," ती म्हणाली. "भ्यालीस?"

"हो."

"मग भी. पण जेव."

ती परत आपल्या जागी जाऊन बसली आणि माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. थोड्या वेळाने म्हणाली, "नवऱ्याला बोललीस?"

"नाही. त्याने आधीच जाऊ नको म्हणून सांगितलं होतं."

"ते तो बाँबसाठी बोलला असेल. दातासाठी नाय."

शब्बात म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्या घरात कुठलंच बटण दाबलं जात नसे. फोन नाही, टीव्ही नाही. एरवी मला ही शांतता आवडली असती. पण ज्याच्या डोक्यात एकच विचार असतो त्याला शांतता फार मोठी वाटते. मी बाल्कनीत बसून रुमालाचं टोक गालांवर फिरवत राहिले. खालच्या मैदानात मुलं खेळत होती. याएल एकदा येऊन माझ्या हातातला रुमाल काढून घेऊन गेली.

शनिवारी आभाळात तारे दिसले तशी मावशीने मला फोनकडे ढकललं. विवेकने उचलला. मी एका दमात सांगून टाकलं.

"दुखतंय का तुला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"दुखत नाहीये, याचीच तर भीती, विवेक."

तो डॉक्टर नाही, बँकेत आहे. पण त्याला कळलं. म्हणाला, मी येतो. व्हिसा, तिकीट, यातलं काहीच इतक्यात जमणार नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी तो तीनदा म्हणाला, मी येतो.

पुन्हा तेल अविव

मावशी माझ्याबरोबर आली. नको म्हटलं तरी आली, स्टीलचा डबा घेऊन. दवाखान्याच्या दाराशी रखवालदाराने डबा उघडायला लावला, तर तिने त्याला आत भाताची पेज आहे, आजारी माणसासाठी आहे, तुला हवी असेल तर चमचा आण, असं सुनावलं. त्याने हात जोडले.

डॉक्टरासारखा वाईट पेशंट नसतो. डोळ्यांवर कापड टाकलं होतं, पण मला आवाजांवरून सगळं कळत होतं. आता सुई. आता ब्लेड. आता हिरडी हाडावरून सोडवतायत. रूत मदतनीसाशी हिब्रूत बोलायला लागल्या तशी मी हात वर केला.

"इंग्रजीत बोला," मी बोबड्या तोंडाने म्हणाले. "काहीही असलं तरी इंग्रजीत."

त्या थांबल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मला वाटलं होतं हाडात खिडकी करावी लागेल. नाही लागत. बाहेरची भिंतही गेलेली आहे."

नाही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

मग खरवडण्याचा आवाज. दुखत नाही, बधिर असतं, पण तो आवाज हाडातून थेट कानात जातो. मी टेबलाच्या कडा धरून ठेवल्या होत्या. मोजायला काही नव्हतं, बघायला काही नव्हतं. मी आईला आठवायचा प्रयत्न केला आणि आईचा चेहरा येईना, तिचा पांढरा गणवेशच तेवढा येत राहिला.

"आलं," रूत म्हणाल्या. "जवळजवळ एका तुकड्यात. बघायचंय?"

"नाही," मी म्हणाले. आणि लगेच, "हो."

कापड उचललं. बाटलीतल्या पाण्यात एक करडी-गुलाबी पिशवी तरंगत होती, फाटलेल्या फुग्यासारखी. कितीतरी वर्षं ती माझ्या डोळ्याच्या दोन बोटं खाली राहत होती. मी तिला नीट बघितलं. आपल्या पेशंटच्या अशा पिशव्या मी अनेकदा बघितल्या आहेत आणि झाकण लावून बाजूला ठेवल्या आहेत. या पिशवीवरून मला काहीच सांगता येईना.

मुळाचं टोक कापलं, दोन्ही नळ्या टोकाकडून बंद केल्या. मग त्यांनी मला नाकाने हळूच श्वास सोडायला लावला. जखमेतून बुडबुडे आले. वरच्या पोकळीचं अस्तर थोडं फाटलं होतं. टाके पडले आणि सूचना मिळाल्या. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत विमानात बसायचं नाही.

माझं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं. ते गेलं.

बाहेर मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरीण विचारत होती, तू आई काय हिची. मी बोलली, होय." मग जरा वेळाने, "शब्बात नव्हता, खोटं बोललेलं चालतं."

ओफाकिम, निकालापर्यंत

वाळवंटातला गरम वारा त्याच दिवसांत सुटला. आकाश पिवळं झालं, दारं-खिडक्या बंद करूनही धूळ आत येऊन भांड्यांवर बसायची. मावशीने खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. माझ्या नाकात सारखं हुळहुळायचं. एरवी शिंक म्हणजे काय? पण एका शिंकेने टाके तुटले, पोकळीत हवा भरली, तर काय होतं ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती आलीच. मी स्वयंपाकघरात तोंड वासून, डोळे मिटून उभी राहिले आणि याएलने धावत येऊन मला मागून धरलं, जणू मी पडणार आहे. शिंक झाली. आम्ही दोघी तशाच उभ्या. मग तिने मला दिव्याखाली नेलं, तोंडात बघितलं आणि अंगठा वर केला. रक्त नव्हतं.

पेज, मऊ भात, मावशीने गाळून दिलेलं माशाचं पाणी. फोन वाजला की घरातले सगळे थांबायचे. मावशीची मैत्रीण असायची, याएलच्या शाळेतलं कोणी असायचं, विवेक असायचा. तो रोज तेच विचारायचा आणि मी रोज तेच सांगायचे. दुपारी मी झोपल्याचं सोंग करायचे, म्हणजे मावशीला स्वस्थ बसता यावं. ती न बसता दबक्या पावलांनी घरात फिरत राहायची. ते मला ऐकू यायचं.

फोन सकाळी आला. मावशी मेथी निवडत होती. मीच उचलला.

"रूत," पलीकडून आवाज आला. "बस."

"बसलेय," मी म्हणाले. उभी होते.

"सिस्ट आहे. मुळाची. साधी. दुसरं काहीही नाही."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात.

"आणि हाड?"

"हाड भरून येईल. वर्षभर लागेल. पुढच्या आठवड्यात टाके दाखवायला ये, मग जा घरी. आणि तुझ्या त्या बरणीतले दात अजून माझ्याकडे आहेत, त्याचं काय करायचं ते सांग."

मी खाली बसले, फरशीवरच. मावशी हातात मेथीची जुडी धरून माझ्यासमोर उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"मेले, बोल ना!"

"साधी गाठ," मी म्हणाले.

तिने मेथी टाकली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच माझ्याजवळ बसली आणि रुमालाने तोंड झाकून रडली. इतके दिवस तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिने मलिदा केला. संकटातून सुटलं की बेने इस्राएली लोक एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने हा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, एका मोठ्या ताटात डोंगरासारखे रचलेले, भोवती खजूर आणि फळं. शेजारचे कोणकोण जमले होते. कोणी पनवेलचं, कोणी रेवदंड्याचं, कोणी भायखळ्याचं. हिब्रूतली प्रार्थना कोकणी हेलात ऐकताना अंगावर काटा आला. मी उजव्या बाजूने चावत होते आणि गोड लागत होतं.

खाणं झाल्यावर मावशीने सगळ्यांना सांगून टाकलं की ही दातांची मोठी डॉक्टर. मग काय, एकेकाने तोंड उघडलं. मी याएलची टॉर्च घेऊन बघत होते, कोणाची हिरडी, कोणाची कवळी. शेवटी बेंजामिनकाका म्हणून एक गृहस्थ पुढे आले. तिथल्या कापडगिरणीत आयुष्य गेलेलं, सत्तरीचे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी वरच्या दाढेवर बोट ठेवलं.

"ही. जड वाटते. दवाखान्यात फोटो काढला, बोलले साफ हाय."

मी टॉर्चच्या मागच्या बाजूने दाढ हळूच वाजवली. त्यांचा डोळा मिटला. हिरडी स्वच्छ होती, कॅप चांगली होती.

"काय नाय ना?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूचे हसत-बोलत होते. काकांचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं आणि ते माझ्या डोळ्यांत बघत होते.

"मला इथून दिसत नाही, काका," मी म्हणाले. "तेल अविवला एक यंत्र आहे. त्यात दिसेल."

"आणि दिसलं काय तर?"

मी टॉर्च बंद केली. काय सांगणार होते? बहुतेक साधं असतं, हे ओठांवर आलं होतं.

"तर काय आहे ते शोधावं लागेल," मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. शर्टाचं बटण चाचपलं. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की शेजारच्या माणसाला ऐकू गेलं नसेल.

"तू येशील काय संगती? मला भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," मी म्हणाले. "येईन."

रविवारी पहिल्या बसने आम्ही दोघं निघालो.